टेबलावरच्या जाऊबाई

माईंना जाऊ नव्हती. नवऱ्याला भाऊच नाही म्हटल्यावर जाऊ येणार कुठून? सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलासुद्धा नाही. तरी गेली कित्येक वर्षं जगातल्या एकाहून एक नामांकित टेबलांवर बसून माई आणि त्यांचे यजमान या जाऊबाईंबद्दल तासन्‌तास बोलत आले होते. जाऊबाईंनी कुकर नेला तो परत केला नाही. जाऊबाईंनी चांगला धडधाकट सोफा भंगारात काढला. जाऊबाईंचा गुडघा बदलला, आणि नवा गुडघा मिळाल्यावर बाईंच्या अंगात असं काही वारं शिरलं की त्या गाडी चालवायला शिकल्या आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच्याच फाटकावर जाऊन आदळल्या.

या खोट्या बाईमागे एक खरी नोकरी होती. माईंचे यजमान पेशाने परीक्षक. जगात कुठल्या रेस्टॉरंटात जेवायला जावं हे सांगणारी एक जाडजूड मार्गदर्शिका दरवर्षी निघते, तिच्यासाठी ते ओळख लपवून जेवत आणि निकाल देत. कुठे ‘वाटेत असलात तर डोकवा’, कुठे ‘वाट वाकडी करा’. आणि क्वचित, अगदी क्वचित, सगळ्यात वरचा निकाल: ‘यासाठी घर सोडावं’. या तीन शब्दांसाठी शेफमंडळी रक्ताचं पाणी करत. परीक्षक मात्र हे शब्द फार जपून वापरत, जणू काही त्यांच्या खिशातूनच जाणार होते.

आता एकटा माणूस महागड्या टेबलावर बसून सावकाश जेवायला लागला, की वाढप्यांचे कान टवकारतात. म्हणून सोबत बायको हवी. नवराबायको मुकाट्याने जेवले तरी लोक बघतात, आणि पदार्थांवर बोलायला लागले तर संपलंच. मग बोलायचं काय? तर घरातली कटकट. नात्यातल्या बाईची तक्रार सुरू झाली की चांगल्या वळणाचा वाढपी पाण्याची बाटली ठेवतो आणि सटकतो. अशा रीतीने कुठल्याशा गार होत चाललेल्या सूपासमोर जाऊबाईंचा जन्म झाला.

पुढे पुढे त्यांची खूणच होऊन बसली. परीक्षक म्हणाले, “जाऊबाईंचा फोन आला होता,” की काम सुरू झालं असं समजायचं. जीभ जागी करायची. दोघांनी वेगवेगळे पदार्थ मागवायचे, प्रत्येकी अर्धा खायचा आणि मग ताटल्यांची अदलाबदल. नवराबायको एकमेकांच्या ताटातलं खातात यात कुणाला नवल वाटत नाही. परीक्षक कागदपेन्सिल काढत नसत. मांडीवरच्या नॅपकिनला प्रत्येक पदार्थागणिक एकेक घडी घालत, आणि जेवण संपेपर्यंत त्या नॅपकिनचा पंखा झालेला असे. नंतर हॉटेलच्या खोलीत, माईंच्या पायातले बूटही निघालेले नसताना, उलटतपासणी सुरू.

“मीठ?”

“बरोबर होतं.”

“मधे कच्चं?”

“जरासं.”

“जरासं म्हणजे किती?”

त्यावर माई काहीतरी ठोकून देत, कारण त्यांना झोप आलेली असे.

नातेवाइकांना यातलं काय ठाऊक? “मजा आहे बाई तुझी!” असं जो भेटेल तो म्हणे. आम्ही आपले इथे बटाटे सोलतोय आणि तू जगभर मेजवान्या झोडतेयस! माई हसून वेळ मारून नेत. एकट्या धाकट्या बहिणीने एकदा वर्मावर बोट ठेवलं. माईंना ‘माई’ हे नाव तिनेच लहानपणी दिलेलं, आणि नवरा गेल्यापासून ती लांबच्या गावात एकटी राहत होती.

“माई, अख्खी ताटली तू शेवटची कधी संपवलीस गं?”

माईंना आठवेना. घरीसुद्धा जेवता जेवता मधेच यजमानांचा हात यायचा आणि त्यांची ताटली उचलून स्वतःची सरकवायचा. पावाच्या तुकड्यालासुद्धा सोडायचा नाही. भांडायला जावं तर ते चकित होऊन स्वतःच्या हाताकडे बघत बसायचे. अशा माणसाशी भांडणार तरी काय?

यंदा परीक्षक निवृत्त झाले. मार्गदर्शिकेच्या लोकांनी एक बरा पेला दिला, हारतुरे घातले आणि भाषण केलं. माईंनी मोठी बॅग रिकामी केली, धुतली, उन्हात ठेवली आणि माळ्यावर टाकली. त्यांचे पाय आता संध्याकाळी सुजत. विमानतळाच्या नुसत्या नावाने अंग मोडून यायचं. त्यांना फक्त घरात बसायचं होतं, आणि जमलं तर नवऱ्याशी बोलायचं होतं. पण घरात बसल्यावर कळलं की यजमान दिवसभर गप्पच असतात.

आणि एक दिवस ते म्हणाले, “एका ठिकाणी जाऊ या.”

माईंनी माळ्याकडे पाहिलं.

“कामाचं नाही,” ते घाईघाईने म्हणाले. “शपथ. आपलं आपण. नुसतं जेवायचं.”

“नुसतं?”

“नुसतं.”

माईंनी बहिणीला फोन केला. बहीण गेले कित्येक महिने मागे लागली होती, की माझ्याकडे राहायला ये, वरची खोली तुझ्यासाठी झाडूनपुसून ठेवली आहे. चार दिवसांची पाहुणी म्हणून नाही, कायमची ये. माई आजवर हो-नाही करत होत्या. त्या दिवशी त्यांनी सरळ सांगितलं, “हे एक जेवण होऊ दे. ते नुसतं जेवण निघालं, तर मी इथेच राहीन. आणि त्यातही काम निघालं, तर तिथूनच तुझ्याकडे येते.”

“आणि बॅग?”

“बॅग सोबत असेलच की,” माई म्हणाल्या.

तर असा हा प्रवास. आधी विमान, मग गाडी, मग दुसरी गाडी, आणि शेवटी डोंगराच्या कडेने वळणं घेत जाणारी टॅक्सी, जिच्यात माईंच्या पोटात ढवळून आलं. ज्या जेवणासाठी जायचं त्याच्या आधीच पोटाची ही गत, हे त्यांना नवीन नव्हतं. परीक्षक खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि दोन्ही वेळा काही बोलले नाहीत.

रेस्टॉरंट रस्त्याच्या अगदी टोकाला होतं. दगडी भिंती, बुटकं दार, दाराशी नाव नाही. महिना-महिना आधी सांगून ठेवल्याशिवाय इथे कुणाला जागा मिळत नसे. आत दुपारचं ऊन पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलेलं, आणि प्रत्येक टेबल दुसऱ्यापासून इतकं दूर की हाक मारायची तर उठून जावं लागावं. वाढपी मऊ तळव्यांचे बूट घालून वावरत होते. माईंनी खुर्चीत टेकल्या टेकल्या टेबलाखाली टाचा बुटातून मोकळ्या केल्या. तेवढंच त्या दिवसातलं पहिलं सुख.

बाकी सगळं ठरलेलं, फक्त माशाचे दोन प्रकार होते आणि त्यांतला एक निवडायचा होता. “तुला काय हवं?” परीक्षकांनी विचारलं, आणि माई गडबडल्या. त्यांना हा प्रश्न कुणी विचारतच नसे. त्यांनी घाबरून पहिल्यावर बोट ठेवलं. परीक्षकांनी दुसरा सांगितला. माईंच्या मनात पाल चुकचुकली. माणसाला दुसरा आवडू शकतो की.

पहिलं आलं बीट, कुठल्याशा आंबट पाल्याखाली लपवलेलं. दोघांनी खाल्लं. मग वाटीभर सूप आलं, मशरूमचं, इतकं दाट की चमचा उभा राहील. दोघांनी तेही संपवलं. शांतता अशी पसरली की माईंना स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. पलीकडच्या टेबलावर कुणी तरुण जोडपं खुदुखुदु हसत होतं. परीक्षकांनी काटा उचलला, खाली ठेवला, पाण्याचा पेला सरळ केला. त्यांच्या कपाळावर घाम होता. ‘बोला ना,’ माई मनात म्हणत होत्या, ‘काहीही बोला, हवापाण्याचं बोला, माझे पाय कसे आहेत ते विचारा.’

मासा आला. माईंच्या ताटलीत लोण्यात शिजवलेला, परीक्षकांच्या ताटलीत धुरावलेला. वाढपी मागे सरकला. दोघांचा अर्धाअर्धा मासा खाऊन झाला तेव्हा परीक्षकांनी मान वर केली.

“जाऊबाईंचा फोन आला होता,” ते म्हणाले.

रागाच्या आधी त्यांना आला तो थकवा, पायांपासून वर चढत गेलेला. एवढी विमानं, एवढी वळणं, आणि हा माणूस शपथेवर खोटं बोलला. त्याहून वाईट म्हणजे माईंचं तोंड आपोआप उघडलं आणि म्हणालं, “काय म्हणतायत?” आणि जीभ, ती मेली सवयीची गुलाम, हिशेब करायला लागली: लोणी ताजं, मासा वरून घट्ट, मधे ओलसर, मीठ... माईंना आपल्याच जिभेची शिसारी आली.

“त्या फाटकाचं काम निघालंय पुन्हा,” परीक्षक सांगत होते. “गवंड्याशी भांडल्या. म्हणतात...”

बोलता बोलता त्यांचा हात टेबलावरून आला आणि अर्धी खाल्लेली ताटली माईंकडे सरकवू लागला.

माईंनी आपली ताटली दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“जाऊबाई गेल्या,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“गेल्या म्हणजे गेल्या. वारल्या.”

परीक्षकांचा हात जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांत जाऊबाईंवर नाही नाही ते प्रसंग आले होते, पण हा काही ठरलेला नव्हता. “कधी?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच. मासा येईपर्यंत तग धरून होत्या.”

“अगं, पण... काय झालं त्यांना?”

“कंटाळल्या,” माई म्हणाल्या. “प्रत्येक जेवणात त्यांना उठवून बसवायचं. बिचारीला एक दिवस कुणी सुखाने पडू दिलं नाही.” हे म्हणताना त्यांचा आवाज चिरकला, आणि काय होतंय हे कळायच्या आत डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

अशा ठिकाणच्या वाढप्यांना भिंतीपलीकडचा सुस्कारासुद्धा ऐकू येतो. मुख्य वाढपी, पांढऱ्या भुवयांचा गंभीर गृहस्थ, क्षणात हजर झाला आणि कमरेत वाकून हलक्या आवाजात म्हणाला, “माफ करा. कानावर आलं. घरात काही वाईट घडलंय का?”

परीक्षक तोंडात मारल्यासारखे बसले होते. “माझी... वहिनी,” त्यांच्या तोंडून निघालं.

“जवळच्या होत्या?”

“फार,” परीक्षक म्हणाले, आणि गंमत अशी की त्यांनाही डोळे टिपावे लागले.

मुख्य वाढप्याने एक शब्द अधिक विचारला नाही. बघता बघता दोघांना उठवून आतल्या एका लहान खोलीत नेलं. मागोमाग ताटल्या आल्या, पेले आले, पाण्याची बाटली आली. ही खोली बहुतेक तिथल्याच माणसांच्या जेवणाची असावी. लाकडी टेबल, चार साध्या खुर्च्या, खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं आणि तिथे भाजीचे रिकामे क्रेट रचून ठेवलेले. वाढप्याने दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे दोघं कुणी ऐकत नसलेल्या जागी जेवायला बसले होते.

माईंनी डोळे पुसले. “शपथ घेतली होतीत तुम्ही.”

“काय केलं मी?”

“काय केलं? जाऊबाईंचा फोन! ताटली सरकवलीत! कुणाच्या डोळ्यात धूळ फेकताय? निवृत्त झालात म्हणे. किती जागा राहिल्यात अजून? मला एकदाच काय ते सांगा, म्हणजे मी मोकळी होते.”

“अगं, काम नाहीये,” परीक्षक म्हणाले.

“नाहीये?”

“नाहीये गं. कुणासाठी करू? माझ्या जागी दुसरा माणूस लागला, त्याचं पहिलं पानसुद्धा छापून आलं.”

माईंनी त्यांच्या मांडीकडे पाहिलं. बाहेरून हातात धरून आणलेला नॅपकिन तिथे होता. सपाट, सरळ पसरलेला, एका कोपऱ्यावर सूपाचा थेंब. घडीची एकही खूण नव्हती. बीटाची नाही, सूपाची नाही, माशाची नाही. या माणसाचं तोंड खोटं बोलू शकत होतं, पण कामावर असताना त्याचा नॅपकिन कधी सपाट राहिलेला माईंनी पाहिला नव्हता.

“मग जाऊबाई का काढल्यात?”

परीक्षक बराच वेळ अंगणातल्या क्रेटकडे बघत बसले. “टॅक्सीपासून प्रयत्न करतोय,” ते शेवटी म्हणाले. “तुझ्याशी काहीतरी बोलावं म्हणतोय. शब्दच फुटत नाही. तू समोर बसलीस, पुढे ताटली आली, की मला ती एकच बाई आठवते. दुसरं काही येतच नाही मला.”

माईंचा राग ज्या जागी होता तिथे एकदम पोकळी झाली. नवरा लबाड निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. बॅग उचलली असती आणि निघाल्या असत्या. पण लबाडी नव्हतीच. समोर एक म्हातारा होत चाललेला माणूस बसला होता, आणि त्याच्याजवळ बायकोशी बोलायला एका खोट्या बाईपलीकडे काही उरलं नव्हतं. माईंना त्याची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

“खरंच गेल्या का गं त्या?” परीक्षकांनी विचारलं.

“गेल्या.”

“मला आवडायच्या.”

“मलासुद्धा,” माई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. फाटकावर गाडी घातली ती कल्पना त्यांचीच होती, आणि त्या दिवशी दोघं टेबलावर इतकं हसले होते की परीक्षक नॅपकिनला घडी घालायचं विसरले होते.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. परीक्षकांनी पेला सरळ केला, तो आधीच सरळ होता. मग आडवळणाच्या रस्त्यावर पाऊल टाकावं तसं चाचरत त्यांनी विचारलं, “तुझी... तुझी बहीण काय म्हणते?”

माई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. या माणसाला जाऊबाईंच्या गुडघ्यातला स्क्रू माहीत होता. खऱ्या मेव्हणीची चौकशी त्याने जेवताना आज पहिल्यांदा केली, आणि नेमकी आज केली.

“ती म्हणते, माझी खोली तयार आहे.”

“कसली खोली?”

“माझी. तिच्या घरात. वरची.”

परीक्षकांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी काटा खाली ठेवला, अगदी आवाज न करता, जसा ते नेहमी ठेवत. “म्हणून बॅग मोठी आणलीस,” ते म्हणाले.

“हो.”

“पण हे काम नव्हतं गं. नुसतंच जेवण होतं.”

“कळलं मला. काम नसलं तर राहीन असं मी तिला सांगितलं होतं. त्या हिशेबाने मी राहायला हवं.” माईंनी कपाळ चोळलं. “पण मी दमलेय हो. आता घरी येऊन तुमच्यासमोर गप्प बसायचं म्हटलं तरी मला दम लागतो. मी जाणार आहे.”

परीक्षकांनी मान हलवली. कितीतरी शेफ त्यांचा निकाल असाच मान खाली घालून ऐकत असतील.

“लांब आहे का तिचं गाव?” त्यांनी विचारलं.

“दोन गाड्या बदलाव्या लागतात. पुढे चालत. आणि जेवायला उकडलेला बटाटा असतो, लोणी आणि मीठ. वाढायला कुणी नाही, आपलं आपण घ्यायचं.”

“मी येऊ का... कधी भेटायला?”

“ते मी कसं सांगू?” माई म्हणाल्या. “कशासाठी घर सोडावं हे इतकी वर्षं तुम्हीच ठरवत आलात.”

परीक्षकांचा हात टेबलावर पुढे आला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मग त्यांनी आपलीच ताटली हळूच स्वतःकडे ओढून घेतली. दोघं खाली मान घालून जेवायला लागले. माईंनी मासा संपवला, काठावरचं लोणी पावाने पुसून घेतलं, शेवटचा तुकडासुद्धा तोंडात टाकला. सगळं गार झालं होतं. मीठ किंचित कमी होतं. माईंनी ते कुणाला सांगितलं नाही.